तोंड वर, तोंड खाली

पावसाळा संपत आला की नेरळहून पोशीरमार्गे कळंबला येणाऱ्या गाडीवाल्याची नजर पुढच्या चाकाच्या चार हात पलीकडे खिळलेली असते. पाण्याने भरलेला खड्डा बोटभर खोल की वीतभर, हे चाक आत गेल्याशिवाय कळत नाही. आमच्या आजोळी दोन गाड्या होत्या. थोरल्या मामांची राजदूत आणि धाकट्या मामांची चेतक. सुटीत आळीपाळीने दोघांच्या मागे बसून बाजाराला जायचं. समोर खड्डा आला आणि पुढचा ब्रेक आवळला गेला की राजदूत मान ताठ करायची, पुढून उचलल्यासारखी वर यायची. चेतक मात्र नमस्काराला वाकायची, इतकी की माझं नाक धाकट्या मामांच्या पाठीवर आपटायचं. मामी म्हणायची, गाड्यांनी भावांचे स्वभाव उचललेत.

खरं कारण बरंच उशिरा कळलं. दोन्ही गाड्यांचं पुढचं चाक एका आखूड लोखंडी बाहूला बांधलेलं होतं. राजदूतचा बाहू पिनेपासून पुढे निघत होता, चेतकचा मागे. एवढ्या फरकाने एक गाडी मानी ठरली आणि दुसरी नम्र. कर्जत-खालापूर भागात आज रस्त्यावर दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोटारसायकलला दोन गुळगुळीत नळ्यांचा टेलिस्कोपिक फोर्क असतो. त्याआधीच्या, उघड्या स्प्रिंगांच्या आणि बाहूंच्या चिमट्यांवर माणसांनी कसा प्रवास केला, त्यात काय सुख होतं आणि काय धोका होता, त्याचा हा आढावा.

स्प्रिंगचा उसनवार

पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या भागाला गॅरेजात चिमटा म्हणतात आणि दणका घेणाऱ्या जोडणीला शॉकअप. या जोडीकडे तीन कामं असतात. दणका जिरवायचा, चाक रस्त्याला टेकलेलं ठेवायचं आणि हँडल वळेल तिकडे निमूट वळायचं. पहिलं काम आरामाचं, उरलेली दोन ताब्याची. गिऱ्हाईक सीटवर दोनदा उसळून बघतं आणि पहिल्या कामावर खूश होऊन गाडी घेतं. घाटात जीव वाचवतात ती उरलेली दोन.

ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. ३० सेंटीमीटर रुंदीचा खड्डा ती सेकंदाच्या सदतिसाव्या भागात ओलांडते. तेवढ्या वेळात चाकाने खाली उतरून वर यायचं आणि वर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, अशी अपेक्षा. स्प्रिंग हे काम उसनवारीवर करते. दणका घेते, क्षणभर सांभाळते आणि जसाच्या तसा परत करते. परतफेडीला लगाम नसेल तर एका खड्ड्याचे चार हेलकावे होतात, आणि चौथ्या हेलकाव्यात चाक हवेत असताना वळण आलं तर हँडलचा उपयोग शून्य.

माणसाच्या धडाला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी वर-खाली हालचाल सगळ्यात जास्त जाचते. म्हणून आरामशीर गाडीची स्प्रिंग त्याहून संथ ठेवतात, सेकंदाला दोन हेलकाव्यांच्या आसपास. माणसाच्या चालीची लय साधारण तीच. फार कडक स्प्रिंग हाडं मोजते. फार मऊ स्प्रिंग भाताचं पोतं लादल्यावर तळाला टेकते आणि लोखंडावर लोखंड आपटतं.

लढाईतून उरलेल्या गाड्या

आपल्याकडच्या जुन्या स्प्रिंगवाल्या चिमट्यांचा मोठा पुरवठा दुसऱ्या महायुद्धाने केला. कळंबपासून फार लांब नसलेल्या कल्याणजवळ तेव्हा मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. त्या काळच्या ब्रिटिश फौजांच्या मोटारसायकली म्हणजे बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच. एम-२० ही ४९६ सीसीची, संथ पण चिवट गाडी. सव्वा लाखाच्या आसपास बनली. अमेरिकी फौजांकडे हार्ले-डेव्हिडसन डब्ल्यूएलए. लढाई संपल्यावर लष्कराने जास्तीची वाहनं विकायला काढली आणि अशा गाड्या नागरी हातांत आल्या.

बीएसए आणि नॉर्टनचा चिमटा गर्डर जातीचा. चाकाच्या दोन्ही अंगांनी नळ्यांचा ताठ सांगाडा, तो गाडीच्या मानेला वर आणि खाली आडव्या दुव्यांनी जोडलेला, आणि हँडलसमोर मधोमध एक जाड स्प्रिंग. बाजूने पाहिलं तर समांतरभुज चौकोन दिसतो. चाक वर गेलं की चौकोन कलतो आणि स्प्रिंग दबते. हार्लेचा स्प्रिंगर वेगळा. त्यात दोन चिमटे एकापुढे एक, खाली छोट्या दुव्याने जोडलेले, आणि वर स्प्रिंगा उघड्या. हार्लेने ही रचना १९०७ पासून चाळीस वर्षं चालवली आणि १९४९ च्या हायड्रा-ग्लाइडला तेलाचे टेलिस्कोपिक फोर्क देऊन मोठ्या गाड्यांवरून उतरवली.

गर्डरला लगाम असायचा तो घर्षणाचा. दुव्याच्या पिनेवर चकत्या एकमेकींवर दाबलेल्या आणि बाहेर हाताने पिळायची मूठ. रस्ता खराब लागला की चालकाने उतरून किंवा चालता चालता ती आवळायची. इथेच या चिमट्याची खोड आहे. घर्षण वेग ओळखत नाही. बारीक खडीवर चकत्या हलतच नाहीत, त्यामुळे स्प्रिंग असून नसल्यासारखी होते आणि मनगटं बधिर होतात. मोठ्या दणक्याला त्याच चकत्या अपुऱ्या पडतात. तेलाचा लगाम याच्या उलट वागतो. हालचाल जितकी झपाट्याची, तितका तो जास्त अडवतो. शिवाय गर्डरचं चाक वर-खाली जायचं ते जेमतेम दोन-तीन इंच.

तरीही सपाट रस्त्यावर गर्डरची गाडी रुळावरून चालल्यासारखी सरळ जाते. सांगाडा आडवा वाकत नाही आणि ब्रेक मारल्यावर तोंड फारसं खाली जात नाही. मात्र पिना आणि बुश यांना ग्रीस लागतं, आणि आपल्या पावसात ते धुऊन निघतं. बुश झिजले की हँडल खेळायला लागतं. मग सरळ जाणं ही जुन्या दिवसांची आठवण राहते.

राजदूत : पुढे निघालेला बाहू

एस्कॉर्ट्सने फरिदाबादला बनवलेली राजदूत १७५ ही पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीची भारतीय आवृत्ती. धर्मेंद्रच्या जाहिराती आणि दूधवाल्यांच्या किटल्या, दोन्हींनी तिला गावोगाव नेलं. तिचा पुढचा चिमटा अर्ल्स घराण्यातला. अर्नी अर्ल्स या इंग्रज रचनाकाराच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना बीएमडब्ल्यूने १९५५ ते १९६९ या काळात आपल्या मोठ्या गाड्यांवर वापरली. साइडकार जोडणाऱ्यांची ती विशेष लाडकी. चिमट्याच्या नळ्या चाकाच्या मागून खाली येतात, तिथल्या पिनेपासून बाहू पुढे जातो, त्याच्या टोकाला चाक, आणि दोन्ही बाजूंना तेलाचे शॉकअप.

ब्रेक लागल्यावर फिरतं चाक ब्रेकच्या पाटीला आपल्याबरोबर ओढायला बघतं. ती पाटी बाहूला बांधलेली असली की पुढे निघालेल्या बाहूचं टोक खाली ढकललं जातं आणि गाडीचं तोंड वर येतं. म्हणून राजदूत मान ताठ करायची. पाहणाऱ्याला वाटतं पुढचं चाक हलकं झालं. प्रत्यक्षात ब्रेक लागला की पुढच्या चाकावरचा भार वाढतोच, तोंड कुठेही असो.

या बाहूला आडवी लवचीकता कमी, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर राजदूत हातात ठाम राहायची. किंमत मोजावी लागायची ती वळताना. बाहू, नळ्या, शॉकअप असं बरंच लोखंड हँडलबरोबर फिरतं, म्हणून कमी वेगात हँडल जड. दोन्हीकडे किटल्या टांगलेल्या दूधवाल्याला हे जडपण मानवायचं, कारण ओझ्याने पुढचं चाक बावरत नसे.

चेतक : मागे निघालेला बाहू

कळंबसारख्या गावात स्कूटरचा उल्लेख टाळून चिमट्यांचा आढावा पुरा होत नाही. १९४६ ची व्हेस्पा रचणारे कोरादिनो दास्कानियो हे विमानं आणि हेलिकॉप्टरांचे अभियंते. त्यांनी पुढचं चाक एकाच बाजूने धरलं, विमानाच्या चाकासारखं. पंक्चर झाल्यावर चाक मोटारीच्या चाकासारखं खोलता येतं ते त्यामुळेच. बजाजने १९४८ मध्ये व्हेस्पा आयात करायला सुरुवात केली, पुढे परवान्याखाली आकुर्डीला त्या बनवल्या, आणि परवाना संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आणली.

चेतकचा बाहू पिनेपासून मागे जातो. ब्रेकचा तोच ओढा इथे बाहूचं टोक वर उचलतो, म्हणजे स्प्रिंग दबते आणि तोंड खाली बसतं. ब्रेकमुळे पुढे येणाऱ्या वजनाने ते आणखी बसतं. वर चाक दहा इंची. मोटारसायकलचं मोठं चाक ज्या खड्ड्यावरून नुसतं घसटत जातं, त्यात हे अर्धंअधिक उतरतं. साध्या रस्त्यावर चेतकइतका मऊ प्रवास क्वचित मिळायचा. नेरळहून माथेरानकडे चढणाऱ्या घाटात उतरताना मात्र धाकटे मामा पुढच्या ब्रेकला हात लावायला धजत नसत. सगळा भार पायाखालच्या मागच्या ब्रेकवर.

नळ्यांचा विजय

टेलिस्कोपिक फोर्क जुनाच आहे. १९३४ मध्ये डेन्मार्कच्या निंबसने तो दिला, १९३५ मध्ये बीएमडब्ल्यू आर-१२ ने त्याला तेलाचा लगाम घातला. आपल्याकडे १९५५ पासून मद्रासेत बनू लागलेल्या बुलेटने आणि म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्यांनी तो रुजवला. १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी-१०० आली, आणि पुढे शंभर सीसीच्या गाड्यांनी तो घरोघर पोचवला.

हा फोर्क जिंकला त्यात आरामाचा वाटा आहे, पण निर्णायक ठरली ती सोय. स्प्रिंग, तेल आणि मार्गदर्शक नळी सगळं एका बंद जागी. ग्रीस द्यायच्या आठ-दहा जागा गेल्या, चाकाला जास्त हालचाल मिळाली आणि बनवायला स्वस्त. तोटे राहिलेच. जोराच्या ब्रेकला नळ्या किंचित वाकतात, एकमेकींत अडतात, आणि नेमकी गरज असते तेव्हा स्प्रिंग कंजूष होते. शिवाय तोंड खाली जातं ते जातंच. त्याचा एक फायदा अनुभवी चालकाला कळतो. तोंड किती बसलं यावरून ब्रेक किती लागला ते हाताला समजतं, आणि बसलेल्या तोंडाची गाडी वळणात चटकन शिरते. राजदूतवर ही खबर मिळत नसे.

गंमत अशी की, बाहू आणि दुवे पुन्हा येत आहेत. बीएमडब्ल्यूने १९९३ मध्ये टेलिलिव्हर आणला, होंडाने २०१८ च्या गोल्ड विंगला जोड-दुव्यांचा पुढचा चिमटा दिला. दोघांचाही हेतू एकच, दणका आणि ब्रेक यांची कामं वेगळी करणं. रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलानला दाखवलेल्या फ्लाइंग फ्ली या विजेवरच्या गाडीला चक्क गर्डर आहे. महायुद्धातली मूळ फ्लाइंग फ्ली १२५ सीसीची, छत्रीधारी सैन्याबरोबर नेण्यासाठी हलकी केलेली. तिच्या गर्डरला स्प्रिंगच नव्हती, दणका घ्यायला रबराचे पट्टे होते.

कळंबच्या रस्त्यावरची परीक्षा

जुनी स्प्रिंगवाली गाडी हाती आली तर कागद बघण्याआधी चिमटा बघावा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा, चिमट्याचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. टकटक लागली तर बुश तरी गेले किंवा कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंगं, तरी. हँडल डावी-उजवीकडे सोडून बघा. मधोमध खाच लागल्यासारखं अडलं तर कोनसेट नक्की. पावसाआधी पिनांना ग्रीस द्यावं आणि गणपतीत पुन्हा द्यावं. मागे पोतं लादायचं असेल तर ते सीटजवळ, जमेल तितकं पुढे. कॅरियरच्या टोकाला टांगलेलं ओझं पुढचं चाक हलकं करतं आणि म्हशाच्या यात्रेहून परतताना उतारावर हँडल थरथरायला लागतं.

सगळ्यात मोठा धडा मात्र सगळ्या चिमट्यांना सारखाच लागू आहे. ब्रेक दाबलेला असताना राजदूतचा बाहू खाली रेटलेला असतो, म्हणून स्प्रिंग आखडते आणि खड्डा थेट मनगटात येतो. चेतकची स्प्रिंग आधीच खर्च झालेली असते, म्हणून चाक तळाला टेकतं. टेलिस्कोपच्या नळ्या अडलेल्या असतात. तिघांची तऱ्हा वेगळी, फळ एकच.

थोरल्या मामांची एक सवय तेव्हा मला भित्रेपणाची वाटायची. खड्डा बराच लांब असताना ते वेग उतरवत आणि चाक कडेला टेकायच्या आत ब्रेकवरची बोटं उघडत. वर आलेली मान मग अलगद खाली यायची, स्प्रिंग मोकळी व्हायची आणि राजदूत चिखलाच्या पाण्यातून हबकल्याशिवाय पार व्हायची. धाकटे मामा खड्ड्यातच ब्रेक आवळायचे. माझं नाक आपटायचं ते म्हणून. मामीला गाड्यांमधलं काही कळत नव्हतं, पण भावांबद्दल ती चुकली नव्हती.