पहिला ट्रॅक डे कुठे? हिंगणी-सेलूकडच्या बाईकवेड्यांसाठी

हिंगणीहून बोर धरणाकडे निघालं की अ‍ॅक्सिलेटरवर हात शिवशिवतो. पण तो व्याघ्र प्रकल्पाचा परिसर आहे, चितळ कधी आडवं येईल सांगता येत नाही. वेगाची हौस ट्रॅकवरच भागवा, म्हणजे रेसिंग ट्रॅक हौशी बाईकस्वारांसाठी खुला असतो त्या ‘ट्रॅक डे’ला.

बहुतेकांना पहिल्यांदा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किटच हवं असतं. २०११ साली फॉर्म्युला वन झाली ती तिथेच. ट्रॅक देखणाच आहे! पण लांबी ५.१२५ किलोमीटर. दीडशे सीसीची गाडी तिथल्या सरळ पट्ट्यावर नुसती ताणली जाते आणि चुकलेलं वळण पुन्हा यायला बराच वेळ लागतो. नवशिक्याला तर तेच वळण पुन्हा पुन्हा हवं असतं. ब्रेक कुठे दाबायचा, नजर कुठे ठेवायची, गाडी कुठून आत घ्यायची, हे त्यातूनच अंगवळणी पडतं.

म्हणून माझं मत कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला. जेमतेम २.१ किलोमीटर, लहान गाडीलाही पुरेपूर मजा. चेन्नईजवळचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक जास्त वेगवान आहे, तो दुसऱ्या खेपेला ठेवा. सेवाग्राम-नागपूर दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावरच आहे, त्यामुळे रेल्वेनेच जा आणि बाईक सोबत न्यायचा खटाटोप टाळा. शिकवणी आणि बाईक दोन्ही देणारा कार्यक्रम निवडा.

पैसे भरण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारा: नवख्यांचा गट वेगळा आहे का, प्रशिक्षक सोबत असतो का, रुग्णवाहिका ट्रॅकवर उभी असते का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं, तर तिथे जाऊ नका.