जपानमधील एकव्यक्ती कुटुंबे

संकल्पना
एका घरात राहून खर्च एकत्र चालवणाऱ्या माणसांच्या गटाला जनगणना कुटुंब मानते. घरात एकच व्यक्ती राहत असेल, तर ते एकव्यक्ती कुटुंब. शहरात नोकरीला आलेला तरुण, अविवाहित मध्यमवयीन आणि वैधव्यानंतर एकटी राहणारी वृद्धा हे सारे याच वर्गात मोजले जातात. ही नोंद निवासाची आहे. त्यावरून एकाकीपणा मोजता येत नाही.

प्रमाण
1980 मध्ये जपानमधील सुमारे 20 टक्के कुटुंबे एकव्यक्ती होती. 2020 मध्ये हे प्रमाण 38 टक्क्यांवर गेले आणि अशा घरांची संख्या दोन कोटींहून अधिक झाली. 2050 पर्यंत ते 44 टक्के होईल, असा तेथील राष्ट्रीय लोकसंख्या संशोधन संस्थेचा 2024 मधील अंदाज आहे.

कारणे
पहिले कारण विवाहाचे. 2020 मध्ये वयाच्या पन्नाशीपर्यंत एकदाही विवाह न झालेल्यांचे प्रमाण पुरुषांत सुमारे 28 टक्के, तर स्त्रियांत सुमारे 18 टक्के होते. दुसरे कारण दीर्घायुष्याचे. स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा सुमारे सहा वर्षांनी अधिक असल्याने एकट्या राहणाऱ्या वृद्धांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. शिवाय विवाहित मुलाने आईवडिलांसोबत राहण्याची प्रथाही ओसरली. ही कारणे पुढे एकत्र येतात: आजच्या अविवाहितांपैकी अनेकांना वार्धक्यात जोडीदार नसेल आणि अपत्यही नसेल.

स्वातंत्र्य आणि जोखीम
एका खोलीची घरे, एका माणसापुरते तयार जेवण आणि चोवीस तास उघडी दुकाने यांमुळे एकट्याचा संसार सुकर झाला. अनेकांनी तो स्वेच्छेने निवडला आहे. मात्र आजारपणात शुश्रूषा करणे, पडल्यास मदत बोलावणे ही कामे दुकान करत नाही. पोलिसांच्या आकडेवारीनुसार 2024 मध्ये एकट्या राहणाऱ्या 76,020 व्यक्तींचा घरीच मृत्यू झाला. त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक 65 वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते. घर भाड्याने घेताना जामीनदार मिळणेही वृद्धांना अवघड जाते.

उपाययोजना
वस्तीतील गरजूंची विचारपूस करणाऱ्या विनावेतन स्वयंसेवकांची व्यवस्था जपानमध्ये जुनी आहे. तिचा उगम 1917 मध्ये ओकायामा येथे झाला. तिला तंत्रज्ञानाची जोड मिळाली. 2001 पासून एका कंपनीची विजेची किटली वापरली गेल्याची सूचना दूरच्या नातेवाइकांना पाठवते. एकाकीपणा व विलगतेवरील उपायांचा कायदा एप्रिल 2024 पासून लागू झाला.

मर्यादा
किटली वापरली गेली की नाही, एवढेच यंत्र कळवते. दार ठोठावायला माणूसच लागतो. स्वयंसेवक स्वतः वृद्ध होत आहेत आणि नव्यांची भरती कठीण झाली आहे. एकत्र कुटुंबात आजारपणाची काळजी आणि रोजची विचारपूस न सांगता होत असे. एकव्यक्ती घरात तीच कामे शेजार, बाजार आणि शासन यांच्यात वाटली जातात. त्यामुळे कोणते काम कोणाकडे, हे आधीच ठरलेले असणे हीच एकट्या राहणाऱ्याची खरी सुरक्षितता ठरते.