पाऊलवाट आणि नकाशा

बाजारहत्नूरच्या शिवारातून बैलगाडी जाते ती वाट निराळी आणि बांधावरून केवळ माणूस जातो ती निराळी, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. २००४ साली इंग्लंडात आरंभ झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच रचलेल्या संगणकीय नकाशास मात्र ते सांगावे लागते. शेतगाडीची वाट तेथे ‘ट्रॅक’, खास पादचाऱ्यांसाठीची ‘फूटवे’ आणि सर्वसाधारण पाऊलवाट ‘पाथ’ होय. आमच्या कोकणातील दगडी पायऱ्यांची पाखाडी ‘स्टेप्स’ या वर्गात बसते.

रुंद असूनही वाहनांस बंद असलेला रस्ता म्हणजे ‘पेडेस्ट्रियन’. येथेच घोटाळा होतो. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. पुढे तांबड्या मातीवरून माणसे नि घोडे. रुंदी पाहून कोणी त्यास साधा रस्ता म्हटले व मोटारबंदी नोंदविली नाही, तर नकाशा परक्या चालकास आत धाडील. रुग्णवाहिकेस मात्र तेथे मुभा आहे. म्हणून रस्त्याचा वर्ग एक आणि प्रवेश कोणास ही नोंद दुसरी, असे दोन्ही लिहावे लागते.

आपल्या बांधावरची वाट चुकून ‘ट्रॅक’ ठरली, तर पावसाळ्यात रुग्णासाठी आलेली गाडी काळ्या मातीत रुतेल. ही चूक दूरच्या जाणकारास आकाशातून घेतलेल्या चित्रात दिसत नाही. त्या वाटेने रोज शाळेत येणाऱ्यास दिसते.