छपराला छप्पर : आरव्हीच्या स्लाइडआउटवर टॉपर बसवावा का?



आपल्या मंडळातल्या बऱ्याच कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत आरव्ही घेतली आहे. कोणी विकत, कोणी भाड्याने. आम्हीही २०२२ साली एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. इंडियाना राज्यातले एल्कहार्ट हे गाव आरव्ही उद्योगाचे माहेरघर मानले जाते आणि ते आमच्या मिशिगनच्या अगदी सीमेलगत आहे. त्यामुळे इकडे वापरलेले ट्रेलर पुष्कळ मिळतात. घेताना गादी, शेगडी, फ्रीज, टायर सगळे पाहिले. छपराकडे मात्र खालूनच एक नजर टाकली. पुढे जे झाले त्यातून एक प्रश्न उभा राहिला आणि तो सोडवायला आम्हाला जवळजवळ आठ महिने लागले. तो प्रश्न आणि त्याचे उत्तर आपल्यापुढे ठेवावे म्हणून हा लेख.

ज्यांनी स्लाइडआउट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कपाटाचा खण जसा बाहेर ओढतो, तसा ट्रेलरच्या भिंतीचा एक भाग बटण दाबल्यावर बाहेर सरकतो आणि आतली खोली मोठी होते. मुक्काम हलवताना तो परत आत घ्यायचा. आमच्याकडे असे दोन आहेत. सोफा आणि जेवणाचे टेबल असलेला मोठा १२ फूट लांब असून ३ फूट बाहेर येतो. झोपण्याच्या खोलीतला लहान जेमतेम २० इंच बाहेर येतो. बाहेर आलेल्या भागाला स्वतःचे सपाट छप्पर असते, आणि भिंतीशी जिथे सांधा येतो तिथे चारी बाजूंनी रबरी सील असते. स्लाइड आत जाताना वरचे सील गाडीच्या काचेवरच्या वायपरसारखे छपरावरून फिरते आणि पाणी, कचरा बाहेर ठेवते. निदान ठेवावे अशी अपेक्षा असते.

आमचा हा अपेक्षाभंग २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस लडिंग्टन स्टेट पार्कमध्ये झाला. एका बाजूला लेक मिशिगन, दुसऱ्या बाजूला हॅमलिन लेक, आणि चालत जाता येईल असे १८६७ साली बांधलेले बिग सेबल पॉइंटचे दीपगृह. जागा इतकी सुंदर की तीन दिवस कोणी वर पाहिलेच नाही! आमचा ट्रेलर पाइन आणि ओकच्या झाडांखाली उभा होता. त्या दिवसांत पाइनच्या जुन्या सुया झडतात आणि ओकची फळे टपाटप पडतात. निघायच्या दिवशी घाई होती. मी बटण दाबले, स्लाइड आत आली आणि तिच्याबरोबर सुयांचा ओला गठ्ठाही सीलखाली ओढला गेला. सील एका कोपऱ्यात दुमडले. ते माझ्या लक्षात आले नाही.

घरी आल्यावर दोन आठवडे पाऊस झाला. ट्रेलर उघडला तेव्हा सोफ्यामागून कुबट वास आला. गालिच्याची कड ओली होती आणि प्लायवुडवर बुरशीचे काळे ठिपके होते. आमच्या चिरंजीवांना सौम्य दमा आहे. त्या दिवशी तो आत अर्धा तास खेळला आणि रात्री त्याला इनहेलर घ्यावा लागला. बुरशीमुळेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण बुरशी दम्याला चेतवू शकते हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच बजावले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा सल्ला असा की भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही, आणि घरातली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी. आमचे ४८ तास केव्हाच उलटून गेले होते.

गालिचा कापला, प्लायवुडचा तुकडा बदलला, नवे सील लावले, डीह्युमिडिफायर विकत आणला. दोन शनिवार-रविवार आणि ३१० डॉलर गेले. जमीन कुजली असती तर हाच आकडा हजारांत गेला असता. विमा कंपनीला फोन केला तर उत्तर मिळाले की हळूहळू झिरपलेले पाणी, झीज आणि कुजणे या गोष्टी पॉलिसीत बसत नाहीत. पॉलिसी पुन्हा वाचली. तसे स्पष्ट लिहिलेले होते. आपणही आपली पॉलिसी एकदा काढून पाहा. झाड पडले तर विमा मिळेल, पण पानांमुळे गळती झाली तर बहुधा नाही.

अशा वेळी डीलर जो उपाय सुचवतो तो म्हणजे स्लाइड टॉपर. हे एक गुंडाळीचे कापडी छत असते. त्याची एक कड ट्रेलरच्या भिंतीवर पक्की करतात. दुसरी कड स्लाइडच्या बाहेरच्या टोकावर बसवलेल्या रोलरला गुंडाळलेली असते. स्लाइड बाहेर गेली की कापड आपोआप उलगडते, आत आली की रोलरमधली स्प्रिंग ते पुन्हा गुंडाळते. पाने, फांद्या आणि पाणी कापडावर राहते आणि गुंडाळताना बाहेर पडते. स्लाइडच्या छपराचा उन्हापासून बचाव होतो तो वेगळाच. कापड दोन प्रकारचे मिळते. व्हिनाइलचे पाणी आत जाऊ देत नाही, तर विणलेले अॅक्रिलिक हवा खेळती ठेवते आणि लवकर वाळते.

डीलरने दोन्ही स्लाइडचे मजुरीसह १,२६० डॉलर सांगितले. मोठ्याचे ७४० आणि लहानाचे ५२०. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, तेव्हा लगेच स्प्रेडशीट उघडली. कापड उन्हात कायमचे टिकत नाही, म्हणून सात वर्षे आयुष्य धरले. वर्षाला १८० डॉलर. आम्ही वर्षात साधारण २२ रात्री ट्रेलरमध्ये काढतो, म्हणजे एका रात्रीमागे ८ डॉलरच्या वर. उलट शिडी, लांब दांड्याचा झाडू आणि सीलला लावायचे औषध मिळून ९० डॉलर. शिवाय टॉपरचे तोटेही होतेच. वाऱ्यात फडफड होते, मध्ये पाणी साचते, बर्फाचे वजन कापडाला सोसत नाही. हिशेब स्पष्ट होता. सौ. ला म्हटले, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला? निघायच्या आधी वर चढायचे आणि झाडून घ्यायचे."

"आणि चढणार कोण?" तिने विचारले. स्प्रेडशीटमध्ये तो रकानाच नव्हता.

२०२४ च्या मे महिन्यात बाबा भारतातून आले होते. वय ७१. आम्ही सगळे मेमोरियल डेच्या सुट्टीत एका कॅम्पग्राउंडवर गेलो. मे महिन्यात ओकचे तुरे झडतात आणि त्यांचा पिवळट थर सगळीकडे बसतो. सकाळी मी ऑफिसात गेलो होतो. तेवढ्यात, मुलाला एकट्याला किती कामे, म्हणून बाबा झाडू घेऊन शिडीवर चढले. उतरताना खालून दुसऱ्या पायरीवर त्यांचा पाय निसटला. नशिबाने घोटा नुसता मुरगळला, हाड शाबूत राहिले. अर्जंट केअर आणि एक्स-रेचे बिल ३९० डॉलर आले. त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्सचे डिडक्टिबल २५० डॉलर, म्हणजे तेवढे आमच्या खिशातून. पैशाचे सोडा, पण त्या रात्री मला झोप आली नाही. तीच पायरी खालून आठवी असती तर काय झाले असते, हा विचार डोक्यातून जाईना.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील उन्हाळ्यात येतात. ते स्वस्थ बसत नाहीत, आणि "बाबा, तुम्ही राहू द्या" हे वाक्य आजवर कोणत्याही बाबांनी ऐकलेले नाही. म्हणून शिडीविषयी दोन नियम. शिडी टेकवताना दर चार फूट उंचीला तिचा पाया एक फूट बाहेर हवा. चढता-उतरताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम हवेत. झाडू हातात धरून हा दुसरा नियम पाळणे अवघडच. आणि तिसरा नियम आमच्या घरचा: काम झाले की शिडी आडवी करून कुलपात!

घोट्याला पट्टी बांधून बसलेल्या बाबांना मी टॉपरची माहितीपत्रके दाखवली. ते देवगडकडचे, कौलारू घरात वाढलेले. म्हणाले, "अरे, छपराला छप्पर घाल, हरकत नाही. पण आधी शाकारून घे. फुटक्या कौलावर ताडपत्री टाकलीस तर गळती थांबत नाही, नुसती दिसेनाशी होते."

त्यांचे ऐकले ते बरे झाले. टॉपरवाल्याला बोलावण्याआधी मी स्लाइडचे छप्पर स्वच्छ धुतले आणि इंचाइंचाने तपासले. मोठ्या स्लाइडच्या मागच्या कोपऱ्यात सीलंटला वीतभर चीर होती. टॉपर बसला असता तर ती चीर कापडाखाली वर्षानुवर्षे झाकलेली राहिली असती. जुने सीलंट काढून नवे भरले. इथे एक सूचना: आरव्हीची बरीच छपरे ईपीडीएम रबराची असतात. त्यांना पेट्रोलियम असलेले क्लीनर किंवा तेल लावू नये, रबर खराब होते. छपराला चालणारेच सीलंट आणि क्लीनर विचारून घ्यावे.

मग निर्णय घेतला, आणि तो अर्धाच घेतला. मोठ्या स्लाइडला टॉपर बसवला, कारण तिचे छप्पर जमिनीवरून नीट झाडता येत नाही. लहान स्लाइड तशीच ठेवली. २० इंचांचे ते छप्पर लांब दांड्याच्या झाडूने खाली उभे राहून साफ होते. ५२० डॉलर वाचले आणि एका रात्रीमागचा खर्च ५ डॉलरच्या आत आला. बसवण्याचे काम मात्र मी स्वतः केले नाही. रोलरमधली स्प्रिंग ताणलेली असते, ती हातातून सुटली तर बोटांना जबर इजा होऊ शकते. शिवाय भिंतीत पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला नवी वाट. स्क्रू आतल्या भक्कम चौकटीत बसतात ना आणि पट्टीखाली ब्युटाइल टेप घालतात ना, हे मी उभे राहून पाहिले.

जून २०२४ मध्ये टॉपर बसला. पहिल्याच मोठ्या पावसात मध्ये पाणी साचले आणि सकाळी स्लाइड आत घेताना बादलीभर पाणी माझ्या डोक्यावर आले. आता ट्रेलर उभा करताना किंचित कल देतो, म्हणजे पाणी एका टोकाने वाहून जाते. लेक मिशिगनच्या काठी एका रात्री वाऱ्याने कापड इतके फडफडले की पहाटे दोन वाजता उठून स्लाइड आत घ्यावी लागली. चिडचिड झाली, पण कापड वाचले. तिरप्या पावसाची झड बाजूच्या सीलवर बसतेच. तिथे टॉपरचा काही उपयोग नाही. कोकणात पावसाळ्यात पडवीला झापे बांधतात ती काय उगाच नव्हे! हिवाळ्यात स्लाइड आतच ठेवतो. वर्षातून एकदा, वसंत ऋतूत, मी कापडाखाली डोकावून छप्पर आणि सील तपासतो. सोफ्यामागचा कोपरा मात्र तेव्हापासून कोरडा आहे, आणि चिरंजीव तिथेच पुस्तक घेऊन लोळतात.

आपल्याला हा निर्णय घ्यायचा असेल तर पुढील प्रश्न विचारून पाहा:

१. आपण झाडांखाली किती वेळा मुक्काम करता? मोकळ्या मैदानात किंवा वाळवंटी भागात जास्त राहत असाल तर पानांपेक्षा ऊन आणि वारा यांचा विचार करा.

२. स्लाइडचे छप्पर जमिनीवर उभे राहून साफ करता येते का? येत असेल तर घाई नको.

३. येत नसेल तर शिडीवर कोण चढणार? त्या व्यक्तीचे वय, गुडघे आणि विमा हिशेबात धरा.

४. सील आणि छप्पर आत्ता धड आहेत का? आधी दुरुस्ती, मग पांघरूण.

५. आरव्ही आणखी किती वर्षे ठेवणार? दोन वर्षांत विकणार असाल तर नव्या सीलवर खर्च करणे बरे.

६. घरात कोणाला दमा किंवा अॅलर्जी आहे का? असेल तर ओलाव्याच्या बाबतीत चालढकल नको.

ज्यांच्याकडे आरव्ही नाही त्यांनीही हे प्रश्न जपून ठेवावेत. घराच्या पन्हाळीवर जाळी बसवायला शरद ऋतूत विक्रेते दारात येतात, तेव्हा हेच उपयोगी पडतील.

बाबा ऑगस्टमध्ये परत गेले. घोटा पूर्ण बरा आहे. दर रविवारी फोनवर इकडचे तिकडचे झाले की ते न चुकता विचारतात, "काय रे, शाकारणी झाली का?" असो. आपलेही काही अनुभव असतील तर जरूर कळवावेत, आणि शिडी कुलपात आहे ना, ते आजच पाहावे.