बीपीची गोळी: सकाळी की रात्री?

आजचा एपिसोड माझ्या एका चुकीवर आहे.

गेल्या वर्षी बाबांचं बीपी सकाळी १५०च्या वर दिसायला लागलं. संध्याकाळी मात्र १३०. गोळी रोज सकाळी चहाबरोबर चालू होती. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. म्हटलं, सोपंय, शेड्यूल बदलू. डॉक्टरांना न विचारता गोळी रात्रीवर नेली.

आता, सकाळीच बीपी का चढतं? झोपेत ते साधारण १० ते २० टक्के उतरतं. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसोल आणि ॲड्रिनलिन वाढतं, रक्तवाहिन्या आवळतात. हे सगळ्यांचंच होतं. पण आधीच बीपी असलेल्यांना ही चढण जड जाते. हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोक सकाळच्या वेळात जास्त होतात. त्यात आदल्या दिवशीच्या गोळीचा असर नेमका तेव्हाच संपत आलेला असतो.

मग रात्री घेतली की झालं? २०१९मध्ये स्पेनमधल्या हायजिया ट्रायलने तेच म्हटलं. १९ हजारांवर लोक, आणि रात्री गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयाचे मोठे त्रास ४५ टक्क्यांनी कमी. मी हेच वाचून उड्या मारल्या. पण या अभ्यासाच्या पद्धतीवर अनेक तज्ज्ञांनी शंका घेतली होती. २०२२मध्ये ब्रिटनची टाइम ट्रायल आली, २१ हजारांवर लोकांची. हार्ट ॲटॅक, स्ट्रोक, मृत्यू यांत सकाळ-संध्याकाळ असा फरकच दिसला नाही.

इकडे आमच्या घरी काय झालं? तीन आठवड्यांनी स्ट्रिप मोजली, तर सहा गोळ्या शिल्लक. बाबा जेवून टीव्हीसमोरच झोपी जायचे. म्हणाले, "अरे, चहाबरोबर घ्यायचो तेव्हा आठवण करावी लागत नव्हती."

डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. त्यांनी गोळी परत सकाळी आणली आणि औषध बदललं. बाबांची लोसार्टन होती, तिचा असर काहींना २४ तास पुरत नाही. टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन जास्त टिकतात. आणि लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली, तर म्हाताऱ्या माणसाला अंधारात उठावं लागतं, पडायची भीती असते.

तुमच्या घरीही असं असेल, तर आधी नीट मोजा. उठल्यापासून तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सात दिवस. संध्याकाळीही तसंच. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. वेळ, डोस, औषध, काहीही स्वतः बदलू नका.

बाबांचं सकाळचं बीपी आता १३०च्या आसपास असतं. स्ट्रिप मात्र मी अजून दर रविवारी मोजतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!