कोसा खरा कीं खोटा?

गेल्या दिवाळीस नातीचें परकर-पोलकें घरींच शिवावयाचें ठरलें. धाकट्या सूनबाईंनीं चंद्रपूरच्या बाजारांतून ‘कोसा’ म्हणून झुळझुळीत सोनेरी कापड आणलें. त्या झुळझुळीतपणाचीच आम्हांस शंका आली. ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर पोसलेल्या किड्याचा धागा कोठें जाड, कोठें बारीक असावयाचा. आरमोरी-नागभीडकडील कापडांत हा चढउतार बोटांस लागतो. कडेचे चार धागे काढून समईच्या ज्योतीवर धरले. खरें रेशीम जळतांना केस जळल्याचा वास येतो व राख चुरते. येथें धागा वितळून टणक गोळी झाली! फुलबाजीची ठिणगी पडून हेंच पोरीच्या अंगाला चिकटलें असतें तर? सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. किंमत आम्हींही विचारली नाहीं.

कापड परत गेलें. खरा कोसाही मग घेतला नाहीं. वाढत्या पोरीचा कपडा वरचेवर धुवावा लागतो. (किड्यांसह कोसे उकडून काढलेलें वस्त्र आपण सोंवळें कसें मानतों, हें कोडें जन्मभर संस्कृत शिकवूनही आम्हांस सुटलें नाहीं.) १९३६ सालीं गांधी सेवा संघाचें अधिवेशन जेथें भरलें, त्या सावलीची खादी आणली. सुतासही आग लागते, पण तें वितळून कातडीस डसत नाहीं. तरी परकराचा घोळ बेताचाच ठेवविला. बेतण्यापूर्वीं कापड रात्रभर भिजविलें. चार वारांत चांगलें तीन बोटें आटलें. पोलक्याच्या बगलेंत दोन बोटें माया सोडली आहे. पुढील वर्षीं ती उसवूं.