तारप्याचे रिंगण

मुलांनो, गारुड्याची पुंगी तुम्ही पाहिली असेल. तशाच जातीचे, पण खूप मोठे वाद्य पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात वाजते. त्याचे नाव तारपा.

वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा जोडून तारपा तयार करतात. सांधे मेणाने बुजवतात. वादक श्वास न तोडता तो फुंकत राहतो.

भातकापणीच्या दिवसांत संध्याकाळी आदिवासी स्त्री-पुरुष कमरेत हात गुंफून वादकाभोवती रिंगण धरतात. सूर बदलला की पावले बदलतात.

९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनीही तारपा घुमतो. त्या दिवशी जंगल व जमिनीच्या हक्काची मागणी मांडली जाते. आणि ते योग्यच आहे. कारण भोपळा, बांबू, ताड त्याच जमिनीतून येतात.

जव्हार तालुक्यातील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ते नव्वदीच्या पुढे होते. अशा कलावंतांचे वादन माहितीपटांत जपता येते. पण पडदा फक्त दाखवतो. फुंकर मात्र माणसालाच घालावी लागते. ती कोण शिकणार?